‘कामावर परत घ्या’: मुंबईत घडलेल्या एका हक्काची गोष्ट

वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही मोटारवाल्यांची संस्था. १९१९ साली मुंबईत स्थापन झालेली. सभासदांना रस्त्यांचे नकाशे पुरवायचे, वाटेत गाडी बंद पडली तर मदत करायची, असा तिचा सभ्य आणि निरुपद्रवी व्यवहार. कामगारांच्या इतिहासात तिचं नाव यावं असं तिच्यात काहीही नव्हतं. पण कामावरून काढलेला माणूस ‘मला नुकसानभरपाई नको, माझी नोकरी परत द्या’ असं कोर्टात म्हणू शकतो, हे या देशात पक्कं झालं ते याच संस्थेच्या नोकरांमुळे.

संस्थेचा आणि तिच्या नोकरांचा वाद झाला. मुंबई सरकारनं तो औद्योगिक न्यायाधिकरणाकडे सोपवला. मागण्यांत एक मागणी होती, काढून टाकलेल्यांना परत घ्या. पगारवाढीवर न्यायाधिकरणानं काय तो निवाडा द्यावा, पण कोणाला नोकरीवर ठेवायचं हे आम्हाला सांगायचा अधिकार त्याला नाही, असं संस्थेचं म्हणणं पडलं. आज हे अरेरावीचं वाटेल, पण तेव्हाच्या वकिलांच्या दृष्टीनं ते अगदी सरळ होतं. १८७७ चा स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट हेच सांगत होता: व्यक्तिगत सेवेचा करार कोर्ट जबरदस्तीनं पाळायला लावणार नाही. मालकानं करार मोडला तर नोटिशीच्या मुदतीचा पगार मागा, फार तर नुकसानभरपाई मागा आणि दुसरीकडे काम शोधा. ज्याचं तोंड बघायची इच्छा नाही त्याला रोज समोर बसवून घ्या, असा हुकूम कोणतंही कोर्ट कोणत्याही मालकाला देणार नाही.

हे तत्त्व कागदावर दोन्ही बाजूंना सारखं होतं. मालक नोकराला ठेवायला बांधील नाही, तसा नोकरही राहायला बांधील नाही. प्रत्यक्षात मात्र नोकरासाठी वेगळा कायदा आधीच तयार होता. १८५९ चा वर्कमन्स ब्रीच ऑफ कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन शहरांतल्या मालकांच्या सोयीसाठी झाला आणि पुढे इतरत्र लावला गेला. उचल घेतलेल्या मजुरानं काम अर्धवट टाकलं तर त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करता येई. मॅजिस्ट्रेटचा हुकूम मानला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद. म्हणजे मालकानं माणूस काढला तर तो व्यवहार, माणसानं मालक सोडला तर तो गुन्हा. हा कायदा रद्द व्हायला १९२५ साल उजाडावं लागलं. हा तीन महिन्यांच्या कैदेचा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, तो पुढे एकदा वेगळ्याच ठिकाणी भेटणार आहे.

गिरणगावात तर कायद्यापर्यंत जायची पाळीही क्वचितच येई. माणूस कामाला लावणारा जॉबर आणि काढणाराही जॉबर. त्याची दस्तुरी चुकवली, त्याच्या ओळखीच्या दुकानातून उधारी केली नाही, गावाहून परतायला चार दिवस जास्त लागले, की साचा दुसऱ्याकडे जाई आणि हा सकाळी दाराशी बदलीवाल्यांच्या घोळक्यात उभा राही. कामाचा पगार उशिरा देण्याची रीत असल्यामुळे गिरणीकडे कामगाराचे पैसे नेहमीच अडकलेले असत. न सांगता खाडा केला म्हणून तेही जप्त होत. काढल्याचा कागद नाही, कारण नाही, तारीख नाही. कागदच नसेल तर कोणता वकील काय करणार?

म्हणून या गोष्टीतलं पहिलं यश मला कोणत्याही निकालाहून मोठं वाटतं. नियम लिहून काढा, ही मागणी. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात पगाराइतकीच भांडणं ‘स्टँडिंग ऑर्डर्स’वरून झाली, म्हणजे गिरणीत कामाच्या अटी काय असतील, गैरवर्तन कशाला म्हणायचं, माणूस काढायचा तर नोटीस किती द्यायची. संपानंतर न्यायमूर्ती फॉसेट यांच्या समितीपुढे या नियमांचा कलमवार कीस पडला. गिरणी मालकांच्या संघाचा मसुदा समोर होता आणि त्यावर गिरणी कामगार युनियनची आणि ना. म. जोशींच्या युनियनची माणसं बोलत होती. ज्यांना कालपर्यंत जॉबरच्या तोंडी हुकुमावर हाकललं जात होतं, त्यांचे प्रतिनिधी आता ‘या कलमात हा शब्द नको’ असं न्यायाधीशाला सांगत होते.

पण समितीची शाई वाळते न वाळते तोच १९२९ चा संप पेटला आणि त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता. वाडिया समूहाच्या गिरण्यांतून काढलेल्या कामगारांना युनियनच्या कामाबद्दल हेरून घरी बसवलं, असा युनियनचा आरोप होता. त्याआधी महिनाभर, २० मार्चला, मीरत कटाच्या खटल्यासाठी डांगे, मिरजकर, निंबकर आदी नेत्यांना पकडून नेलेलं. त्यांच्यात अर्जुन आळवे आणि कासले हे स्वतः गिरणीत राबलेले पुढारीही होते. त्याच वर्षी आलेल्या ट्रेड डिस्प्यूट्स ॲक्टखाली पिअर्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी न्यायालय बसलं आणि त्यानं संपाचा दोष बहुतांशी युनियनवर टाकला. काढलेल्यांचं पुढे काय करायचं, याचा अधिकार त्या न्यायालयाकडे नव्हताच. चौकशी करायची, अहवाल द्यायचा आणि उठायचं. तोवर युनियन मोडकळीला आलेली.

१९३४ चा समेटाचा कायदा आणि त्यातून आलेला सरकारी लेबर ऑफिसर हा टप्पा मी भरकन ओलांडतो. समजूत घालणारा अधिकारी असून नसून सारखा, असं मालकांनी मनात आणलं की होई. १९३८ चा मुंबईचा औद्योगिक विवाद कायदा मात्र दुधारी निघाला. बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळानं तो आणला. समेटाची लांबलचक वाट चालून झाल्याशिवाय संप बेकायदा, ही त्याची एक धार. ती ओळखून आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एका व्यासपीठावर आले. असे प्रसंग फार नाहीत. ७ नोव्हेंबर १९३८ ला एक दिवसाचा संप झाला आणि गोळीबारही झाला. दुसरी धार अशी की या कायद्यानं स्टँडिंग ऑर्डर्स सक्तीच्या केल्या आणि इंडस्ट्रियल कोर्ट उभं केलं. संपाचं हत्यार बोथट करून त्याच्या बदल्यात कोर्टाचा दरवाजा देणं, हा सौदा पुढे पन्नास वर्षं मुंबईच्या कामगाराच्या मानगुटीवर बसला. याच सौद्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती म्हणजे १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा, गिरणगावाच्या भाषेत ‘बीआयआर’. त्यात लेबर कोर्ट आलं. काढलेल्या कामगारानं आधी मालकाकडे लेखी मागणी करायची, ती तीन महिन्यांच्या आत, आणि तिथं तडजोड झाली नाही तर कोर्टात जायचं. त्याच वर्षी दिल्लीत केंद्राचा स्टँडिंग ऑर्डर्सचा कायदा झाला. त्याची तयारी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळणाऱ्या आंबेडकरांच्या कारकिर्दीत झाली होती. आरोप लेखी द्या, कामगाराचं म्हणणं ऐका, मगच शिक्षा करा, हे कारखान्याच्या भिंतीवर लागलं.

अशा पार्श्वभूमीवर मोटारवाल्यांच्या संस्थेचा वाद १९४९ मध्ये फेडरल कोर्टापुढे आला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या व्याख्येत माणसाचं कामावर असणं आणि कामावर नसणं, या दोन्हींशी संबंधित तंटा बसत होता. मग काढलेल्या माणसाचं कामावर नसणं हा तंट्याचा विषय असेल, तर तो मिटवण्याचा सर्वात उघड उपाय, म्हणजे त्याला कामावर परत घेणं, न्यायाधिकरणाला वर्ज्य कसा? न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांनी निकाल लिहिला. त्याचा मथितार्थ असा की औद्योगिक न्यायाधिकरण हे दिवाणी कोर्ट नव्हे. दोन पक्षांनी केलेला करार वाचून दाखवणं एवढंच त्याचं काम नाही. औद्योगिक शांततेसाठी ते जुना करार वाढवू शकतं, नवाही घालून देऊ शकतं. मालक आणि नोकर यांच्यातल्या जुन्या इंग्रजी कायद्याची भिंत तिथं पडली. संस्था हरली.

या निकालानंतर कामगारांची रांग लागायला हवी होती. लागली नाही, कारण दरवाजा उघडा असला तरी उंबरठा फार उंच होता. तंटा एकट्याचा असून चालत नसे. त्याच्यामागे युनियन किंवा त्याच आस्थापनेतले बरेच सहकारी उभे राहिले तरच तो ‘औद्योगिक’ ठरे. शिवाय कामगाराला स्वतः कोर्टात जाता येत नसे. सरकारनं रेफरन्स करायला हवा, म्हणजे मंत्रालयातल्या कोणाच्या तरी सहीवर सगळं अडलेलं.

नागपूरच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेसमधल्या एका मेकॅनिकचं प्रकरण बघा. चोरीच्या आरोपावरून १९५० मध्ये त्याला काढलं. फौजदारी खटल्यातून तो १९५२ मध्ये निर्दोष सुटला आणि त्यानं नोकरी परत मागितली. कंपनीचा युक्तिवाद असा की काढून टाकलेला माणूस आमचा कामगारच नाही, मग त्याचा आणि आमचा औद्योगिक तंटा कसला? हा युक्तिवाद मान्य झाला असता तर माणूस काढला की त्याचा हक्कही त्याच्याबरोबर गेटाबाहेर गेला असता. सुप्रीम कोर्टानं तो फेटाळला. मात्र त्याच निकालात कोर्टानं सर्वसाधारण कल सांगून ठेवला: केंद्राच्या कायद्याखाली एकट्या कामगाराचा तंटा इतरांनी उचलून धरल्याशिवाय औद्योगिक तंटा होत नाही. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा स्थानिक कायदा वेगळा आणि जास्त उदार होता, हे त्या मेकॅनिकचं सुदैव.

मुंबईतल्या एका बातमीदाराच्या वाट्याला तसं सुदैव आलं नाही. मद्रासच्या ‘द हिंदू’ दैनिकासाठी तो मुंबईतून बातम्या पाठवत असे. १९५६ मध्ये त्याचं काम संपवण्यात आलं. बॉम्बे युनियन ऑफ जर्नालिस्ट्सनं त्याची बाजू घेतली. युनियन मोठी होती, शहरातल्या अनेक वृत्तपत्रांतले पत्रकार तिचे सभासद होते. पण १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टानं विचारलं, या दैनिकाच्या मुंबई कार्यालयात काम करणारे किती जण पाठीशी आहेत? तिथं माणसंच मोजकी, त्यात युनियनचे सभासद बोटांवर मोजण्याएवढे. बाहेरच्या पत्रकारांच्या पाठिंब्यानं एकट्याचा तंटा औद्योगिक होत नाही, असं ठरलं आणि काढणं योग्य होतं की अयोग्य या प्रश्नाला हात न लागताच प्रकरण संपलं. मला हा निकाल कायद्याच्या चौकटीत समजतो, पण त्याचा अर्थ काय झाला तो पाहा. गिरणीत पाच हजारांतल्या एकाला काढलं तर त्याला न्याय मिळण्याची शक्यता, आणि दहा जणांच्या ऑफिसात एकाला काढलं तर नाही. छापखान्यातला जुळारी, दुकानातला गुमास्ता, पेढीवरचा कारकून यांच्यासाठी १९४९ चा विजय जणू झालाच नव्हता.

ही फट बुजायला १९६५ उजाडलं. औद्योगिक विवाद कायद्यात ‘२अ’ हे कलम घातलं गेलं आणि १ डिसेंबरपासून बडतर्फ झालेल्या एकट्या माणसाचा तंटाही औद्योगिक तंटा मानला जाऊ लागला, मागे युनियन असो वा नसो. रेफरन्ससाठी सरकारचं दार मात्र तसंच राहिलं.

दुसरी अडचण आणखी चिवट होती. आत गेल्यावर कोर्ट बघणार काय? पन्नासच्या दशकात सुप्रीम कोर्टानं इंडियन आयर्न अँड स्टीलच्या प्रकरणात मर्यादा आखून दिली होती. मालकानं नीट चौकशी करून माणूस काढला असेल तर न्यायाधिकरणानं अपील ऐकल्यासारखं पुरावा पुन्हा तोलायचा नाही. हेतू वाईट असेल, सूड किंवा अनुचित प्रथा असेल, नैसर्गिक न्याय पाळला नसेल किंवा निष्कर्ष अगदीच निराधार असेल, तरच हात घालायचा. मग कंपन्या काय शिकल्या? चौकशी सुबक करायला शिकल्या. आरोपपत्र बिनचूक, चौकशी अधिकारी बाहेरचा, कामकाजाच्या प्रत्येक पानावर कामगाराची सही. शिक्षेचं प्रमाण हा तर कोर्टाचा विषयच नव्हता. तीस वर्षं काम केलेल्या माणसाला मुकादमाशी शिवीगाळ केल्याबद्दल बडतर्फ केलं आणि चौकशी निर्दोष असली, तर न्यायाधिकरण सहसा हात चोळत बसे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६३ मध्ये नोकरी संपवण्याबाबत शिफारस केली, तिचा आधार घेऊन १९७१ मध्ये ‘११अ’ कलम आलं. पुरावा पुन्हा तपासायचा आणि शिक्षा जड वाटली तर हलकी करायची, हा अधिकार लेबर कोर्टाला मिळाला. १५ डिसेंबर १९७१ पासून तो लागू झाला, पण त्याआधी ज्यांचे रेफरन्स झाले होते त्यांना तो मिळणार नाही, हे फायरस्टोन टायर कंपनीच्या कामगारांच्या प्रकरणात १९७३ साली ठरलं. न्यायाच्या रांगेत एक दिवस आधी उभं राहिल्यानंही नुकसान होतं.

महाराष्ट्रानं याच सुमारास स्वतःची वेगळी वाट काढली होती. १९६८ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारनं अनुचित कामगार प्रथांवर समिती नेमली आणि तिच्या शिफारशींतून १९७१ चा कायदा झाला. त्याचं पूर्ण नाव एका श्वासात म्हणता येत नाही. वकिलांपासून शिपायांपर्यंत सगळे त्याला ‘यूएलपी’ म्हणतात. त्याच्या चौथ्या अनुसूचीतली पहिलीच बाब कोणीही वाचावी. कोणत्या तऱ्हेनं काढणं अनुचित, याची यादी तिथं आहे: सूड म्हणून काढणं, खोट्या फौजदारी प्रकरणात गोवून काढणं, धडधडीत खोटी कारणं देऊन काढणं, बिनपरवानगी गैरहजेरीचा बनाव रचून काढणं, घाईघाईत चौकशी उरकून काढणं, किरकोळ चुकीला भयंकर शिक्षा म्हणून काढणं. यातली एकही ओळ कायदापंडितानं कल्पनेनं लिहिलेली वाटत नाही. गैरहजेरीच्या बनावाचंच घ्या. कामगाराला गेटावर अडवायचं, आत घ्यायचं नाही आणि दहा दिवसांनी ‘आपण न कळवता गैरहजर आहात’ असं पत्र त्याच्या गावच्या पत्त्यावर पाठवायचं, ही युक्ती ठाण्या-बेलापूरपासून भोसरीपर्यंत सगळ्यांच्या परिचयाची.

या कायद्यात सरकारच्या रेफरन्सची गरज नव्हती. कामगारानं नव्वद दिवसांच्या आत थेट कोर्टात तक्रार टाकायची आणि अंतरिम आदेशही मागायचा. कोर्टाचा आदेश मोडणाऱ्याला कैदेची तरतूद होती, तीन महिन्यांपर्यंत. १८५९ मध्ये मजुरासाठी राखून ठेवलेली तेवढीच कैद आता मालकाच्या बाजूला आली. कायदा प्रत्यक्ष अमलात आला ८ सप्टेंबर १९७५ ला, ऐन आणीबाणीत. संपाचं नाव काढायची सोय नव्हती आणि एकट्या कामगाराला कोर्टात जायचा इतका मोकळा रस्ता त्याआधी कधी मिळाला नव्हता. तोच जुना सौदा.

आता मदतीचं. काढलेल्या माणसाला कोर्टात हात कोणी दिला? फार काळ वकिलांनी नव्हे. औद्योगिक विवाद कायद्यात समेटाच्या वेळी वकिलाला बंदी होती. न्यायाधिकरणापुढेही समोरच्या पक्षाची संमती आणि न्यायाधिकरणाची परवानगी असेल तरच वकील उभा राहू शके. गरीब कामगारापुढे मालकाचा नामांकित बॅरिस्टर उभा राहू नये, हा त्यामागचा भाव चांगला होता. त्यातून मुंबईत एक जमात तयार झाली, युनियनचं ‘कोर्टाचं काम बघणारे’ कार्यकर्ते. काळा कोट नाही, पदवी असेलच असं नाही, पण स्टँडिंग ऑर्डरचं कलम तोंडपाठ. संध्याकाळी युनियन ऑफिसात बाकावर बसलेल्या माणसाचं चार्जशीट वाचून उत्तर लिहून द्यायचं, समेट अधिकाऱ्याकडे तारखेला जायचं, साक्षीदाराला धीर द्यायचा. या लोकांचा इतिहास कोणी लिहिलेला नाही, याची मला खंत वाटते.

पण बंदीतून पळवाट मालकांना आधी सापडली. वकील नको ना? मग कायद्याची पदवी घेतलेला अधिकारी पगारावर ठेवायचा. कारखान्यातल्या चौकशीत तर हे सर्रास चाले. मुंबई पोर्ट ट्रस्टनं आपल्या एका कर्मचाऱ्याविरुद्ध चौकशी लावली आणि बाजू मांडायला स्वतःच्या कायदा विभागातले दोन अधिकारी नेमले. कर्मचाऱ्यानं वकील मागितला तर नकार. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९८२ मध्ये न्यायमूर्ती देसाई यांनी लिहिलेल्या निकालात हा नकार नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध ठरला. मालकाच्या बाजूला कायदा जाणणारे बसले असतील तर समोरच्याला वकील नाकारता येणार नाही. याच न्यायमूर्तींनी काही वर्षांपूर्वी हिंदुस्थान टिन वर्क्सच्या प्रकरणात म्हटलं होतं की काढणं बेकायदा ठरलं तर मधल्या काळाचा पूर्ण पगार हा नियम, कपात हा अपवाद.

१९८२ हे साल मुंबई मात्र दुसऱ्याच कारणानं ओळखते. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. बीआयआर रद्द करा, ही त्यांची एक मागणी होती. त्या कायद्यानं मान्यता दिलेली युनियन संपात नव्हती, त्यामुळे संप कायद्याच्या दृष्टीनं बेकायदा ठरला आणि काम थांबवलेला प्रत्येक जण मालकाच्या हिशेबी गैरहजर. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही. गिरण्या हळूहळू, निवडून निवडून माणसं घेत सुरू झाल्या, काही झाल्याच नाहीत. एकेका माणसासाठी तीस-पस्तीस वर्षं खपून उभारलेलं ते सगळं संरक्षण लाखाच्या वर माणसं एकदम बाहेर राहिली तेव्हा त्यांच्या उपयोगी पडलं नाही.

संसदेनं त्याच वर्षी औद्योगिक विवाद कायद्यात आणखी एक कलम मंजूर केलं, ‘१७ब’. लेबर कोर्टात जिंकलेल्या कामगाराला मालक हायकोर्टात, मग सुप्रीम कोर्टात खेचत नेतात आणि तो उपाशी राहून हार मानतो, हे ध्यानात घेऊन केलेली ही तरतूद. वरच्या कोर्टात मालकाचं अपील चालू असेपर्यंत, दुसरीकडे नोकरी नसलेल्या कामगाराला शेवटचा पगार दरमहा द्यावा लागेल. ती अमलात आली २१ ऑगस्ट १९८४ ला. तिचा फायदा घ्यायला हातात कामावर परत घेण्याचा निवाडा असावा लागे. संपानंतर बाहेर राहिलेल्या बहुसंख्य गिरणी कामगारांच्या हातात तसा कागद कधी पडलाच नाही.